स्विफ्ट 2012 पेट्रोल: ब्रेकरकडचं जुनं इंजिन. 'के12एम' एवढं जुळलं की झालं का?

राजापूरकर
गाडी: स्विफ्ट व्हीएक्सआय, 2012, पेट्रोल, मॅन्युअल, एमएच 08 पासिंग. इंजिन के12एम, 1197 सीसी. गरम होऊन बंद पडलेली. हेड उघडल्यावर स्थिती अशी: दुसऱ्या-तिसऱ्या सिलिंडरच्या मधलं गॅस्केट जळालेलं, हेड वाकलेलं, तिसऱ्या बोअरला नखाला लागतात अशा उभ्या रेघा.

दोन रस्ते आहेत. एक, ब्लॉक आणि हेड कोल्हापूरला उद्यमनगरात पाठवून इंजिन बांधून घेणं. दोन, मुंबईच्या ब्रेकरकडून (जुन्या गाड्या सुट्या करून पार्ट विकणाऱ्याकडून) चालू इंजिन आणणं. ब्रेकरकडे 2010 च्या स्विफ्टचं के12एम आहे. 'सेम टू सेम, उचला आणि बसवा' असं त्याचं म्हणणं. इंजिनचं नाव तेच, सीसी तेच, गाडीचं नाव तेच. आणखी काय बघायचं? आणि आरटीओत काय करावं लागतं?

ग्रीसगन
बांधून घ्या. स्वतःच्या इंजिनचा इतिहास माहीत असतो, दुसऱ्याचं इंजिन म्हणजे झाकली मूठ. शिवाय नंबर तोच राहतो, आरटीओची पायरी चढायला नको.

घाटमाथा
थांबा, थांबा. 2010 ची स्विफ्ट म्हणजे जुन्या आकाराची. ऑगस्ट 2011 मध्ये नवी स्विफ्ट आली तेव्हा के12एमला व्हीव्हीटी मिळालं, म्हणजे इनटेक कॅमचं टायमिंग तेलाच्या दाबाने मागेपुढे करणारी यंत्रणा. त्याआधीच्या के12एमला ती नाही. तुमची 2012 ची गाडी, म्हणजे तुमच्या ईसीएमला, इंजिन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, व्हीव्हीटी अपेक्षित आहे. ब्रेकर खोटं बोलत नाही, दोन्ही के12एमच. पण सेम टू सेम नाहीत.

ओळखायचं कसं? इनटेक कॅमच्या स्प्रॉकेटच्या जागी मोठा गोल फेझर असतो, पण तो टायमिंग कव्हरच्या आत. बाहेरून बघायचं ते ऑइल कंट्रोल व्हॉल्व्ह, ज्याला सगळे ओसीव्ही म्हणतात: चेनच्या बाजूला, दोन पिनांचा कनेक्टर असलेला सोलेनॉइड. तो नसेल तर ते इंजिन तुमच्या वायरिंगला नको.

मालवणी_मासो
पयली पावती बग, मगे इंजिन. पावती नाय तर तां भंगार.

पाना_बारा_तेरा
@घाटमाथा बरोबर. बिनव्हीव्हीटीचं इंजिन बसवलं तर गाडी चालू होईल, हीच खरी फसगत. ओसीव्हीचा कनेक्टर लोंबकळत राहील, ईसीएम पी0010 कोड टाकेल, चेक इंजिनचा दिवा कायमचा. मग कोणीतरी कनेक्टरमध्ये रेझिस्टर खुपसून दिवा विझवतो आणि ईसीएम समजतं की ओसीव्ही जोडलेला आहे. इंधनाचा आणि इग्निशनचा सगळा नकाशा त्या गैरसमजावर चालतो. ॲव्हरेज जातं, घाटात दुसऱ्या गिअरला ओढ लागत नाही, आणि रोग सापडत नाही कारण दिवा बंद असतो.

कुडाळ_स्टँड
मग आपलं व्हीव्हीटीवालं हेड त्या 2010 च्या ब्लॉकवर बसवलं तर?

पाना_बारा_तेरा
एक म्हणजे त्यांचं हेड वाकलंय, ते वापरण्यालायक आहे का हाच प्रश्न. दुसरं, हेडबरोबर कॅम, चेन, टेन्शनर, टायमिंग कव्हर सगळं आलं. ओसीव्हीला तेल नेणारी वाट त्या ब्लॉकमध्ये आणि कव्हरमध्ये जुळते का, पिस्टनचा माथा तोच आहे का, हे पार्ट नंबर लावून तपासल्याशिवाय हात लावायचा नाही. एवढी मेहनत करण्यापेक्षा ऑगस्ट 2011 नंतरच्या स्विफ्टचं किंवा 2012 नंतरच्या डिझायरचं के12एम शोधावं. तेही के12एमपर्यंतच. पुढचं के12एन नको.

कुडाळ_स्टँड
के12एन म्हणजे?

घाटमाथा
ड्युअलजेट. 2020 ची डिझायर, 2021 ची स्विफ्ट. सीसी तेच 1197, पण सिलिंडरला दोन-दोन इंजेक्टर, बीएस6, ईसीएम वेगळं. 2024 च्या स्विफ्टचं झेड12ई तर तीन सिलिंडरचं, आणि सीसी पुन्हा 1197! वॅगन आर, सेलेरिओवाल्यांनीही लक्षात ठेवा: के10बी आणि के10सी दोन्ही 998 सीसी, तरी एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. सीसीवरून इंजिन घेणारा हमखास फसतो.

वेताळ_बांबर्डे
आमच्याकडे इंडिका व्हिस्टा क्वाड्राजेट आहे. स्विफ्ट डीडीआयएसचं, म्हणजे डिझेल स्विफ्टचं इंजिन तिला बसतं असं ऐकलं. दोन्ही फियाटचंच 1248 सीसी ना?

पाना_बारा_तेरा
मूळ इंजिन एकच, फियाटचं मल्टिजेट. पण गाडीत बसतं ते नुसतं मूळ इंजिन नसतं. माउंटचे ब्रॅकेट, संप (खालचं तेलाचं भांडं), अल्टरनेटर-एसीचे ब्रॅकेट, टर्बोचे पाइप, वायरिंगची कनेक्टर, ईसीएम, सगळं ज्याच्या त्याच्या गाडीप्रमाणे. शिवाय 75 पीएसवाल्याला साधा टर्बो आणि 90 पीएसवाल्याला व्हेरिएबल जॉमेट्रीचा, त्याचं नियंत्रण निराळं. आणि आरसीवर टाटाच्या गाडीत मारुतीचं इंजिन लिहून कोण देणार?

डिझेलमध्ये अजून एक खोडा आहे, इंजेक्टर कोडिंग. कॉमन रेलच्या प्रत्येक इंजेक्टरच्या डोक्यावर अक्षर-आकड्यांचा कोड कोरलेला असतो. कारखान्यात त्या इंजेक्टरचा फवारा मोजून तो ठरवतात. इंजिनबरोबर दुसरे इंजेक्टर आले की चारही कोड स्कॅनरने, सिलिंडरच्या क्रमाने, ईसीएममध्ये भरायचे. नाहीतर आयडलला खडखड आणि पिकअपला काळा धूर. मग 'पंप गेला' म्हणून पंप उतरवतात. तर इंजिन उतरवण्याआधीच कोडचे फोटो काढा. नंतर तिथे हात जात नाही.

दाभोळ_खाडी
बोलेरोचं बसवा, संपला विषय. 😀

मालवणी_मासो
बोनेट उघडा ठेवून चलवूक लागात.

चिपळूण_बहादूरशेख
मूळ प्रश्नाकडे येतो. इंजिन जुळतंय हे ठरलं तरी ते निरोगी आहे का हा वेगळा विषय, आणि आपल्या पट्ट्यात तोच जास्त महत्त्वाचा. 22 जुलै 2021 ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा किती गाड्या बुडाल्या ते सगळ्यांनी पाहिलंय. अशा गाड्या विम्यात टोटल लॉस होतात, लिलावात जातात, सुट्या होतात आणि त्यांची इंजिनं धुऊनपुसून कुठल्याही बाजारात दिसतात. बुडालेलं इंजिन कोणी चालू करायचा प्रयत्न केला असेल तर सिलिंडरमध्ये पाणी दाबून कनेक्टिंग रॉड वाकलेला असतो. थोडा वाकलेला रॉड लगेच कळत नाही. त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा कमी येतं, कारण पिस्टन पूर्ण वर जात नाही.

बुडालेलं ओळखायच्या जागा: अल्टरनेटरच्या जाळीच्या आत सुकलेला गाळ, स्टार्टरच्या सोलेनॉइडभोवती तपकिरी थर, वायरिंगच्या कनेक्टरमध्ये हिरवट-पांढरी बुरशी. हेड कव्हर काढून कोपऱ्यात बोट फिरवा, मातीची कुरकुर लागली तर निघून या. बाहेरून इंजिन चकाचक आणि बोल्टची डोकी गंजलेली असतील तर ते धुतलेलं आहे.

सर्वात उत्तम इंजिन मागून ठोकलेल्या गाडीचं. समोरून ठोकलेल्याचं असेल तर क्रँक पुली डुगडुगते का, बेल हाउसिंगला (इंजिनला जुळणारं गिअरबॉक्सचं तोंड) केसाएवढी चीर आहे का, संपला चेप आहे का ते बघा. संप आत चेपला असेल तर तेल ओढणारी जाळी तळाला टेकून बंद झालेली असू शकते.

ग्रीसगन
म्हणूनच म्हणतो, बांधून घ्या!

पाना_बारा_तेरा
ग्रीसगन, साध्या झिजेच्या इंजिनला तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण हे इंजिन तापून मेलंय आणि ते ॲल्युमिनियमचं आहे. ॲल्युमिनियमचं हेड फार तापलं की धातू मऊ पडतो. लेथवाला घासून सपाट करून देईल, दिसायला झकास. बोल्ट आवळताना दाब धरत नाही, किंवा ब्लॉकमधले आटे बोल्टबरोबर बाहेर येतात. बांधायचंच असेल तर हेडला गरम पाण्यात प्रेशर टेस्ट करून घ्या, थंड पाण्यात नको. व्हॉल्व्हच्या मधली चीर गरम झाल्यावरच उघडते. ब्लॉकच्या वरच्या पृष्ठावर सरळपट्टी ठेवून लांबीला, रुंदीला आणि दोन्ही कर्णांवर फीलर गेज घाला. 0.05 मिमीचं पातं आत गेलं की घासकाम आलं. आणि बोअर करायच्या आधी ओव्हरसाइज पिस्टन-रिंग हातात घ्या. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरायचं, असे ब्लॉक लेथवाल्यांच्या शेल्फवर वर्षानुवर्षं पडलेले असतात.

ग्रीसगन
मऊ पडण्याचा मुद्दा मान्य. हार्डनेस तपासून मिळतो का उद्यमनगरात?

पाना_बारा_तेरा
फाउंड्रीचा गाव आहे, हार्डनेस टेस्टर कुठल्याही चांगल्या वर्कशॉपच्या ओळखीत असतो. लेथवाल्याला आधी विचारा, सांगितल्याशिवाय कोणी करत नाही.

राजापूरकर
धन्यवाद मंडळी. ब्रेकरला फोटो मागितला. चेनच्या बाजूला सोलेनॉइड नाही. म्हणजे ते इंजिन बाद. दुसरं शोधतो. उतरवून जमिनीवर ठेवलेल्या इंजिनचं कॉम्प्रेशन तपासता येतं का?

चिपळूण_बहादूरशेख
येतं, गिअरबॉक्स आणि स्टार्टर लागलेला असेल तर. चारही प्लग काढायचे, थ्रॉटल पूर्ण उघडा धरायचा, चार्ज केलेल्या बॅटरीने स्टार्टर थेट फिरवायचा, गेजचा काटा चढायचा थांबेपर्यंत. चांगल्या पेट्रोल इंजिनला 180 ते 200 पीएसआयच्या आसपास आकडा येतो. आकड्यापेक्षा चारांमधला फरक महत्त्वाचा, 10 टक्क्यांच्या आत हवा. एखादा कमी आला तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा. वाढला तर रिंगा, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

स्टार्टर नसेल तर निदान क्रँक पुलीच्या बोल्टवर पाना लावून पूर्ण दोन फेरे हाताने फिरवा. मध्ये कुठे टणकन थांबलं तर नको. पुली पुढेमागे ओढून बघा, हाताला खटखट जाणवली तर थ्रस्ट बेअरिंग गेलंय. मोबाइलला लावायचा बोअरस्कोप मिळतो, तो प्लगच्या भोकातून घाला: बोअरवर तिरक्या बारीक रेघांची जाळी दिसायला हवी. गंजाचं आडवं वर्तुळ दिसलं तर इंजिन बरेच महिने पाणी धरून उभं होतं.

आणि फिलर कॅपच्या आतला थर. पिवळट मलईसारखा थर नुसता कॅपला असेल तर फार काही नाही, दमट हवेत छोट्या फेऱ्या मारणाऱ्या गाड्यांना तो धरतो. डिपस्टिकवर तसं दिसलं तर कूलंट तेलात गेलंय.

आडिवरे_पूल
आरटीओचं कोणी नीट सांगेल का? इथे जो तो 'एजंटला द्या' म्हणतो.

सिंधुदुर्गनगरी
सांगतो. मोटार वाहन कायदा 1988, कलम 52. गाडी आरसीवर लिहिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळी करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलंय. त्यामुळे त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं, त्याच इंधनाचं इंजिन हा साधा रस्ता. जास्त ताकदीचं किंवा दुसऱ्या इंधनाचं बसवायचा विचार असेल तर तो सोडून द्या. विनापरवाना फेरफाराला कलम 182अ खाली मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफाराला 5000 रुपये दंड, किंवा दोन्ही.

क्रम असा ठेवा: आधी अर्ज आणि मंजुरी, मग काम, मग तपासणी. बदल झाल्यावर 14 दिवसांत नोंदणी अधिकाऱ्याकडे आरसी घेऊन कळवायचं. परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीतील फेरफार ही सेवा आहे, अर्ज तिथून. सोबत इंजिनची पावती (जीएसटी नंबर आणि इंजिन नंबरसकट), ज्या गाडीचं इंजिन आहे तिच्या आरसीची प्रत, विमा, पीयूसी. गाडीवर कर्ज असेल तर बँकेचं ना हरकत पत्र. मोटार वाहन निरीक्षक गाडी बघून इंजिन नंबर ताडून घेतात, म्हणून नंबराचं पेन्सिल प्रिंट आधीच काढून ठेवा. इंजिन एकदा गाडीत बसलं की त्या जागी कागद-पेन्सिल नेणं कठीण.

प्रिंट बघताना अक्षरांची उंची आणि ओळ एकसारखी आहे का, भोवतीचा धातू घासलाय का ते बघा. घासलेला नंबर दिसला तर मालक कितीही गोड बोलो, हात जोडून बाहेर. चोरीच्या गाड्यांची नोंद एनसीआरबीच्या वाहन समन्वयवर इंजिन नंबर टाकून तपासता येते. एम-परिवहनवर मूळ गाडीचा नंबर टाका, तिथे इंजिन नंबर अर्धा झाकलेला असला तरी उरलेले आकडे ताडता येतात.

आणि विमा! आरसीवर नवा नंबर चढला की पॉलिसीत एंडोर्समेंट, म्हणजे बदलाची नोंद. नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिली गोष्ट तीच लिहितो.

आडिवरे_पूल
नुसतं हेड बदललं तर?

सिंधुदुर्गनगरी
नंबर ब्लॉकवर असतो. हेड, संप, कॅम, पिस्टन बदला, कागद लागत नाहीत. शॉर्ट ब्लॉक (क्रँक-पिस्टनसकट ब्लॉक, हेडशिवाय) बदलला की लागतात. कंपनीचा नवा ब्लॉक घेतलात तर नंबर कोरा येतो की कोरलेला, आणि कोरा असेल तर कोरणार कोण, हे डीलरकडून लिहून घ्या.

मालवणी_मासो
आनी एजंट?

सिंधुदुर्गनगरी
त्याला चहा पाजा.

घाटमाथा
बसवण्याबद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

ईसीएम स्वतःच्याच गाडीचं ठेवा, इंजिनबरोबर आलेलं लावू नका. चावीतली चिप त्याच्याशी बांधलेली असते. दुसरं ईसीएम लावलं की इमोबिलायझर आडवं येतं आणि गाडी चालूच होत नाही. सेन्सरची कनेक्टर एकेक जुळवा: क्रँक, कॅम, नॉक, तापमान, ऑक्सिजन. आकार जुळला नाही तर वायर कापू नका, आपल्या इंजिनचा सेन्सर नव्यावर चढवा. इनटेक मॅनिफोल्ड आणि थ्रॉटल बॉडी शक्यतो आपलीच ठेवा. ऑटोमॅटिकचं इंजिन असेल तर त्याला फ्लायव्हीलच्या जागी ड्राइव्ह प्लेट असते, तुमचं फ्लायव्हील चढवावं लागेल.

उतरवताना: फ्युएल पंपाचा फ्यूज काढून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवणं ही नेहमीची रीत. तुमचं चालत नाही, म्हणून पाइप सोडताना जोडावर फडकं धरा, लाइनमध्ये दाब असतो. मग बॅटरीची निगेटिव्ह. एसीचा गॅस सोडू नका, कॉम्प्रेसर पाइपांसकट सोडवून बाजूला बांधा. कूलंट आणि गिअर ऑइल काढल्यावर ड्राइव्हशाफ्ट. गिअरबॉक्ससकट उचललं तर मोकळ्या जागेत जोडणी नीट होते.

इंजिन बाहेर आहे तोवर क्लच सेट, रिलीज बेअरिंग, क्रँकचं मागचं सील, वॉटर पंप, थर्मोस्टॅट, सगळ्या होज, ड्राइव्ह बेल्ट, माउंट. मागचं सील विसरलात तर दोनशे रुपयांच्या रबरासाठी पुन्हा गिअरबॉक्स उतरवायचा. आणि अर्थिंग! बॉडी-इंजिन-गिअरबॉक्सच्या अर्थ पट्ट्या समुद्राकडच्या गाड्यांत आतून खाल्लेल्या असतात, बाहेरून इन्सुलेशन शाबूत. टोकं पॉलिश पेपरने चमकवा, आवळा, वर पेट्रोलियम जेली. नव्या इंजिनला निम्मे गूढ आजार अर्थमुळे होतात.

पहिल्यांदा चालू करताना फ्युएल पंपाचा फ्यूज काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर थोडा थोडा फिरवा. मग फ्यूज घालून चालू. कूलंट भरताना हीटर पूर्ण गरमवर, बुडबुडे थांबेपर्यंत भरत राहा. रेडिएटरचा फॅन आपोआप लागून आपोआप बंद झाल्याशिवाय गाडी अंगणाबाहेर नको.

चिपळूण_बहादूरशेख
आणि मूळ इंजिन तापलं का, ते शोधलंत का? रेडिएटर तोच जुना ठेवून नवं इंजिन घातलं तर आंबा घाटात पुन्हा तीच कथा. खाऱ्या हवेने रेडिएटरच्या फिन्स बोट लावलं की भुकटी होतात. नळ्या दिसतात, फिन्स नसतात, म्हणजे गळती नाही पण थंडही होत नाही. कूलंटच्या नावाखाली विहिरीचं पाणी भरत असाल तर किनाऱ्याजवळ त्यात क्षार असतो, ॲल्युमिनियमला तो खातो. वॉटर पंपाच्या तोंडाशी पांढरी पूड दिसते ती हीच. डिमिनरलाइज्ड पाणी आणि इथिलीन ग्लायकॉल, निम्मं निम्मं. थर्मोस्टॅट पातेल्यात उकळून बघा, त्यावर कोरलेल्या तापमानाला उघडायला लागला पाहिजे.

चाचणीला हातखंबा ते साखरपा नेहमीच्या वेगात, ब्लूटूथ ओबीडी डोंगल (ईसीएममधले आकडे मोबाइलवर दाखवणारं) लावून तापमानाचा आकडा बघत. तो स्थिर राहिला तर घाट.

राजापूरकर
फिन्स बघितल्या. खालचा एक तृतीयांश भाग बोटाने झडला. रेडिएटर नवा घेतोय.
दुसऱ्या ब्रेकरकडे 2013 ची डिझायर आहे, मागून ठोकलेली. पेट्रोल, मॅन्युअल. आरसीची प्रत द्यायला तयार आहे. इंजिन अजून गाडीतच आहे आणि चालू करून दाखवतो म्हणतो.

घाटमाथा
गाडीतच असेल तर सोन्याहून पिवळं. रात्रभर थंड राहिलेलं इंजिन तुमच्यासमोर चालू करायला सांगा, आधी गरम करून ठेवलेलं नको. पहिल्या दोन-तीन सेकंदांत चेनची खडखड ऐका, एक्झॉस्टमधून निळा धूर बघा. स्कॅनर लावून जुने कोड वाचा, पुसू देऊ नका. ओसीव्हीचा फोटो तरीही मागवा.

सिंधुदुर्गनगरी
आरसीवर बीएस4 आहे ना ते ताडा, तुमच्या आणि त्याच्या, दोन्ही. आणि तुमचा जुना ब्लॉक आरसीवर नवा नंबर चढेपर्यंत भंगारात घालू नका, निरीक्षकाने मागितला तर दाखवता आला पाहिजे.

दाभोळ_खाडी
नंतर जुना ब्लॉक होडीच्या नांगराला देता का?

मालवणी_मासो
ॲल्युमिनियमचो आसा रे. नांगर कसलो, बोयो होतलो तेचो!

राजापूरकर
पेन्सिल प्रिंट आणि आरसीची प्रत आली. आकडे जुळतात, बीएस4 दोन्हीकडे. ओसीव्ही फोटोत दिसतोय. रविवारी सकाळी थंड इंजिन ऐकायला जातोय. कॉम्प्रेशन गेज कोणाकडे आहे का, रत्नागिरीच्या आसपास?

आडिवरे_पूल
आहे. 14 मिमीचा अडॅप्टर आहे, पण के-सिरीजच्या प्लगचा आटा आधी मोजून घ्या, बारीक असेल तर वेगळा अडॅप्टर लागेल. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.